‘फक्त सावध केलं, त्यात काय बिघडलं?’

वाचकाचं पत्र:

नमस्कार मॅडम,

मी सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. वय ६६. आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं आहेत आणि तिथे माझ्या शब्दाला मान होता. ‘होता’ म्हणतो, कारण गेल्या महिन्यात एक प्रकार घडला.

मुलं पळवणाऱ्या बायकांच्या टोळीचा एक व्हिडिओ मला ओळखीच्या डॉक्टरांकडून आला. या बायका भांडी विकायच्या निमित्ताने फिरतात, आपल्या जिल्ह्यात शिरल्या आहेत, असं खाली लिहिलेलं. आणखी दोन ग्रुपवर तोच आला, तेव्हा माझी खात्रीच पटली. फॉरवर्ड एका वेळी एकाच ठिकाणी जात होता, म्हणून मी तो गॅलरीतून पुन्हा टाकला. वर ‘सर्वांनी दक्ष राहावे’ असं माझ्या नावानिशी लिहिलं. दोन दिवसांनी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी एक बाई कॉलनीत आली. ती वर्षानुवर्षं येते, पण नव्या बिल्डिंगमधल्या पोरांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी तिला गेटवर अडवलं, पाटी उलटी केली, फोन काढून घेतला. एकाने थोबाडीत मारली. पोलिसांनी येऊन चौकशी केली आणि तिला सोडून दिलं. व्हिडिओ आपल्याकडचा नव्हताच, असं ते म्हणाले.

पुण्याहून मुलाचा फोन आला. ‘बाबा, हे तुम्ही केलंत.’ मी तर तेव्हा घरात जेवत होतो! ग्रुपचा ॲडमिन म्हणतो, तुमच्यामुळे माझ्यावर केस होईल. मुलगा म्हणतो, आरोग्याचे मेसेजही पाठवणं बंद करा. माझं म्हणणं एवढंच, की उद्या खरं निघालं असतं तर? मला पाच वर्षांची नात आहे. तो व्हिडिओ पाहिल्यापासून मला नीट झोप नाही, तिला खाली खेळायला सोडवत नाही. मी फक्त सावध केलं, त्यात काय बिघडलं? आणि आता सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडावं का?

– एक वाचक

सल्ला:

नमस्कार.

मुलाचं वाक्य कडक आहे. ते पूर्ण बरोबर नाही आणि पूर्ण चूकही नाही. थोबाडीत मारणारा हात दुसऱ्याचा होता. त्याचा जाब त्यालाच द्यायचा आहे, तो तुम्ही अंगावर घेऊ नका. पण ‘मी तर घरात जेवत होतो’ हे तुमचं उत्तर मला पटलं नाही. तुम्ही जेवत होतात, तेव्हा तुमचा शब्द गेटवर उभा होता.

तुमचा खरा प्रश्न ‘त्यात काय बिघडलं’ हा आहे. त्याच्यामागे एक हिशेब आहे आणि तो जवळजवळ प्रत्येक घरात केला जातो: बातमी खरी असेल तर लोक वाचतील, खोटी असेल तर कुणाचं काही जात नाही. सावध करणं फुकट आहे, असं आपण धरून चालतो. तसं वाटतं, कारण त्याचं बिल आपल्याकडे कधी येत नाही. ते ग्रुपमध्ये नसलेल्या माणसाच्या नावावर फाटतं. तुमच्या ग्रुपवर दोनशे माणसं आहेत, त्यात ती भांडीवाली नाही. तिच्याबद्दल काय लिहिलंय हे तिला वाचताही आलं नाही, मग खोडून काढणं दूरच.

राईनपाडा तुम्हाला आठवत असेल. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं गाव, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे भिक्षा मागायला आले होते, सोलापूरकडून, मंगळवेढ्याच्या बाजूचे. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज त्या भागात आधीच फिरत होते. पाचांपैकी एकाने एका लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केला, एवढंच निमित्त झालं, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि तिथेच पाचही जणांना ठार मारलं. पिढ्यान् पिढ्या गावोगाव फिरून पोट भरणारी ही माणसं. अनोळखी गावात जाणं हाच त्यांचा व्यवसाय, आणि अनोळखी दिसणं हाच त्या दिवशी त्यांचा गुन्हा ठरला. ते मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ‘फक्त सावध’च केलं असणार. मुलंबाळं असलेली, काळजी करणारी साधी माणसं होती ती.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एकाचा उगम तर ऐकण्यासारखा आहे. मोटरसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि निघून जातात, असं त्यात दिसे. ती चित्रफीत कराचीतली. मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेने जनजागृतीसाठी ती अभिनय करून बनवली होती. मूळ फितीत शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि एक फलक दाखवतात: मुलांवर लक्ष ठेवा. कुणीतरी तो शेवट कापला. बस, एवढीच कात्री लागली. मुलांना जपा म्हणून सांगणारी फीत आपल्याकडे माणसं मारायला कारण झाली.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. तुम्ही ते ओघात लिहून गेलात, मी मात्र तिथे थांबले. ‘फॉरवर्ड एका वेळी एकाच ठिकाणी जात होता, म्हणून गॅलरीतून पुन्हा टाकला.’ तो एकाच ठिकाणी का जात होता? २०१८ च्या त्या हत्यांनंतर सरकारने व्हॉट्सॲपला जाब विचारला. त्याच जुलैत कंपनीने फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पाठवता येईल असं बंधन घातलं. जानेवारी २०१९ मध्ये ते जगभर लागू झालं. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या अफवांनी कहर केला, तेव्हा खूप हातांतून आलेल्या, दुहेरी बाणाच्या मेसेजला एका वेळी एकच ठिकाण, हा नियम आला. त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीनेच सांगितलं. थोडक्यात, तुमच्या फोनने तुम्हाला ‘हा फार फिरून आलाय, जपून’ असं सांगून पाहिलं, आणि तुम्ही मागच्या दाराने गेलात. गॅलरीतून टाकल्याबरोबर दुहेरी बाण गेला. डॉक्टरांकडून आलेला, कुठून कुठून भटकून आलेला व्हिडिओ कॉलनीला थेट तुमच्याकडून आल्यासारखा दिसला. वर तुमचं नाव आणि ‘दक्ष राहावे’.

तुम्ही बँकेत होतात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते: तुम्ही जामीनदार म्हणून सही केलीत, आणि कर्जदार कोण हे पाहिलं नाहीत. शाखेत असताना एखाद्या सभासदाने ‘डॉक्टरसाहेबांनी सांगितलं म्हणून सही केली’ असं म्हटलं असतं, तर तुम्ही त्याला काय ऐकवलं असतंत, ते आठवा.

डॉक्टरांचा मुद्दा वेगळा बघू. डॉक्टर औषधांतले जाणकार. जिल्ह्यात टोळी शिरली की नाही, हे त्यांना तुमच्याइतकंच ठाऊक. त्यांनाही तो कुणीतरी पाठवलेलाच होता. शिक्षण, पद, वय यांचा मान आपण माणसाला देतो आणि तो नकळत त्याच्या फॉरवर्डला चिकटतो. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालं; कॉलनीने तुमचा शाखाधिकारी म्हणून असलेला मान व्हिडिओला दिला.

‘आणखी दोन ग्रुपवर तोच आला, तेव्हा खात्री पटली’, याचंही तसंच. तीन साक्षीदार आणि एकाच साक्षीच्या तीन झेरॉक्स, यांत फरक आहे. पण मनाला तो सहजी कळत नाही. १९७७ साली अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं होतं: एखादं विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं, की ते आधीपेक्षा खरं वाटू लागतं, मग ते मुळात खरं असो की खोटं. तेव्हा मोबाइल नव्हते. आता तेच विधान सकाळी चहाबरोबर, दुपारी भावकीच्या ग्रुपवर आणि रात्री रील म्हणून येतं.

आणि खोटी बातमी पळतेही जोरात. एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे सव्वा लाख बातम्या तपासल्या. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. खऱ्या बातमीपेक्षा खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता ७० टक्के जास्त निघाली. पंधराशे लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला सहापट वेळ लागला. हे यंत्रांनी चालवलेल्या खात्यांमुळे होत असेल म्हणून त्यांनी ती खाती बाजूला काढून पाहिली, तरी निष्कर्ष तोच. माणसंच पाठवत होती. खोटं जास्त नवं, जास्त चक्रावणारं असतं, आणि नवं आधी आपण सांगावं ही खाज आपल्या सगळ्यांना असते. (कट्ट्यावर ‘तुम्हाला कळलं का?’ म्हणत येणारा माणूस व्हॉट्सॲपच्या आधीही होताच की.)

फेसबुकसारख्या ठिकाणी कंपनीचं गणितही यात भर घालतं. २०१७ मध्ये रागाच्या चेहऱ्याला तिथे साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं गेलं होतं, हे २०२१ मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांवरून कळलं. म्हणजे ज्या पोस्टवर लोक चिडले, ती आणखी लोकांना दिसली. नंतर कंपनीने ते वजन काढून टाकलं. तुमची झोप उडण्यात याचा वाटा आहे. एक भीतीचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलात, की तसे आणखी चार पुढ्यात येतात. मग अंगण तेच, शेजारी तेच, नात तीच, आणि तुम्हाला मात्र जग बदलल्यासारखं वाटतं. तिला खाली खेळायला सोडा. तुम्हाला फारच धाकधूक वाटत असेल तर बाकावर जाऊन बसा, फोन घरी ठेवून.

‘खरं निघालं असतं तर?’ हा प्रश्न मी टाळत नाही. मुलं हरवतात, पळवलीही जातात. तुम्हाला खरोखर संशय आला, तर ११२ ला फोन करा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. तिथे माणूस ऐकतो, नोंद होते, कुणीतरी येतं. ग्रुपवर टाकल्याने यातलं काहीच होत नाही, फक्त दोनशे माणसं एकदम घाबरतात. खऱ्या इशाऱ्यात पोलीस ठाण्याचं नाव असतं, तारीख असते, विचारपूस करायला नंबर असतो. तुमच्या व्हिडिओत ‘आपल्या जिल्ह्यात’ एवढंच होतं. हे ‘आपल्या जिल्ह्यात’ प्रत्येक जिल्ह्यात चालतं, म्हणून तर लिहिलेलं असतं.

खोटं एकदा खोटं ठरलं की प्रकरण संपतं, असंही नाही. पालघरमधलं गडचिंचले बघा. १६ एप्रिल २०२०, टाळेबंदीचे दिवस, त्या पट्ट्यात चोर आणि मुलं पळवणारे फिरत असल्याच्या अफवा. मुंबईहून सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हाती सापडले आणि तिघेही मारले गेले. अफवेने तीन जीव घेतले, तेवढ्यावर ती थांबली नाही. त्या घटनेच्या व्हिडिओवर दुसरी अफवा उभी राहिली. ‘ओये, बस’ असं ओरडणाऱ्याच्या तोंडी ‘शोएब’ हे नाव असल्याचं सांगत प्रकरणाला धर्माचा रंग दिला गेला. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून यात एकही मुस्लिम नाही, असं सांगावं लागलं. ती यादी किती जणांनी पुढे पाठवली असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

आरोग्याच्या मेसेजबद्दल मुलगा म्हणतो ते ऐका. तिथेही हिशेब तोच असतो, ‘घेऊन पाहायला काय जातं?’ २०१९ मध्ये गरम नारळपाण्याने कॅन्सरच्या पेशी मरतात, असा मेसेज टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नावाने घरोघर फिरला. त्यांनी तसं काही म्हटलेलं नाही, असा खुलासा रुग्णालयाला करावा लागला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कडुनिंब, हळद आणि खाण्यापिण्याच्या पथ्यांनी कॅन्सर बरा झाल्याचा दावा गाजला, तेव्हा टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी निवेदन काढून सांगितलं, की असल्या गोष्टींपायी उपचार लांबवू नका. नारळपाण्याने सहसा अपाय होत नाही हे खरं. ते पीत बसण्यात तीन महिने गेले, तर ते गेलेले महिने बाधतात. तुमच्या मेसेजमुळे कुणी डॉक्टरकडे जायला उशीर केला असेल, तर तो सांगायला तुमच्याकडे येणार नाही.

ॲडमिनला सांगा, दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. त्यात त्याचा समान हेतू दिसावा लागतो. टाकणाऱ्याचं तसं नाही. लोकांत भीती पसरवणाऱ्या खोट्या मजकुरासाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३५३ आहे. चांगल्या हेतूने, खरं मानण्याला वाजवी कारण असताना टाकलं असेल तर त्यात सूट आहे. पण तुम्ही ‘वाजवी कारण’ म्हणून काय दाखवणार, हा प्रश्न वकिलासमोर आधी स्वतःला विचारा. पोलिसांकडून काही कागद आलाच, तर या सदरावर विसंबू नका, वकील गाठा.

ग्रुप सोडायचा का? नाही. तुम्ही गेलात तर तुमचा व्हिडिओ तिथे राहील आणि दुरुस्ती करणारा निघून गेलेला असेल. ‘सर्वांसाठी डिलीट’ची मुदतही केव्हाच संपली, आणि पुसूनही लोकांनी पुढे पाठवलेल्या प्रती पुसल्या जात नाहीत. म्हणून जिथे टाकलात तिथेच, त्याच नावाने, मराठीत लिहा. ‘माझा तसा हेतू नव्हता’ने सुरुवात करू नका, आणि तो व्हिडिओ ‘हाच तो खोटा’ म्हणून पुन्हा जोडू नका; लोक मजकूर न वाचता व्हिडिओच बघतील. साधारण असं लिहा:

‘आपल्या कॉलनीत भांडी घेऊन येणाऱ्या बाई गेली अनेक वर्षं येणाऱ्या विक्रेत्या आहेत. पोलिसांनी चौकशी करून खात्री केली आहे. मुलं पळवणाऱ्या टोळीचा मी टाकलेला व्हिडिओ आपल्याकडचा नाही. मी तो खात्री न करता टाकला. त्यामुळे त्यांना त्रास झाला, याबद्दल मी त्यांची माफी मागणार आहे. ज्यांनी तो माझ्याकडून घेऊन पुढे पाठवला, त्यांनी हा मजकूरही तिथेच पाठवावा.’

हे रात्री आठ-साडेआठला टाका, तेव्हा सगळे फोनवर असतात. खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागेल, एखादा टोमणाही येईल. वाद घालू नका. मग डॉक्टरांना फोन करा. मेसेज नको, फोन. ‘तुम्हाला हा कुणी पाठवला होता?’ एवढंच विचारा आणि पोलिसांनी काय सांगितलं ते सांगा. त्यांच्याही चार-पाच ग्रुपवर तो असणार.

मुलाशी बोलताना आधी त्याच्याकडून काहीतरी शिकून घ्या, म्हणजे भांडण जरा निवळेल. व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घ्यायचा आणि तो गूगल लेन्समध्ये टाकून हे चित्र याआधी कुठे दिसलंय ते बघायचं, हे दहा मिनिटांत जमतं. दर वेळी उत्तर मिळत नाही. ज्याचं मिळालं नाही ते पाठवायचं नाही, इतका साधा नियम ठेवा. चित्रातल्या पाट्या कुठल्या लिपीत आहेत, गाड्यांचे नंबर कुठले, बोलतात ती भाषा कुठली, हे तर लेन्सशिवायही दिसतं. चेकवरच्या सह्या तपासण्यात नोकरी घालवलेल्या माणसाला हे अवघड नाही.

राहिली ती बाई. तिच्याबद्दल तुम्ही प्रश्न विचारलेला नाही, पण माझ्या मते पहिलं काम तेच. ती राहते कुठे, हे पोलीस ठाण्यात किंवा बाजाराच्या दिवशी भांडीवाल्यांकडे विचारलं तर कळेल. एकटे जाऊ नका, पत्नीला बरोबर न्या. अनोळखी पुरुष दारात आलेला पाहून ती आता घाबरेल. मेसेज तुम्ही टाकला होतात, हे स्वतः सांगा. तिचा त्या दिवसाचा धंदा बुडाला, भांडी चेपली, फोन फुटला असेल तर तोही; त्याची भरपाई द्या. तिने ती नाकारली तर हातात कोंबू नका. पोरावर तक्रार करायची की नाही हे तिचं तिला ठरवू द्या, आणि तिने करायचं म्हटलं तर साक्षीला उभे राहा. फोटो काढू नका. ग्रुपवर तर मुळीच टाकू नका.